उंबरदरीची रडकी पेटी

अब्रारच्या तोंडात त्या दुपारी खर्रा नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दारव्ह्याचा आठवडी बाजार ऐन भरात होता. बाजाराच्या तोंडाशीच अब्रारचं दुकान. अर्ध्यात मोबाइल दुरुस्ती, अर्ध्यात लाउडस्पीकर, आणि दोन्हींच्या सीमेवर एका डुगडुगत्या स्टुलावर खुद्द मालक. एका भजनी मंडळाचा कर्णा दुरुस्त होऊन खांबावर चढला होता आणि तो वाजतो की नाही एवढंच बघायचं राहिलं होतं. एरवी त्यासाठी 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' पुरतं. पण सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा तो ताजा घोटलेला ऐवज नुकताच गालात गेला होता, आणि तशा तोंडानं 'हॅलो' म्हटलं तर समोर उभ्या असलेल्या मंडळाच्या अध्यक्षांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याचं काय होईल, हे अब्रारला ठाऊक होतं. माणूस सभ्य. त्यानं आपला फोन कर्ण्याला जोडला आणि त्यात वरती जो आवाज होता तो दाबला.

वरती होता उंबरदरी तांड्याच्या हंसाबाईचा आवाज. आणि हंसाबाई रडत होती.

हे काही मुळूमुळू रडणं नव्हतं. 'मार बेटी येऽऽ' असा एक लांबच लांब सूर कर्ण्यातून सुटला, मिरच्यांच्या ढिगांवरून आणि बांगड्यांच्या हातगाड्यांवरून तरंगत गेला आणि पलीकडच्या पत्र्यांवर आपटून परत आला. वांग्याचा तराजू हवेतल्या हवेत थांबला. बाजारात आसपासच्या तांड्यांवरच्या बऱ्याच बाया आल्या होत्या. त्यांनी टोपल्या खाली ठेवल्या, डोक्यावरचे पदर पुढे ओढले, एकमेकींच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच सुरात उत्तर द्यायला सुरुवात केली.

बाकीच्या बाजाराला वाटलं, कुणीतरी गेलं.

"कोन गेलं हो?"

"मोठंच मानूस दिसते बाप्पा. कर्ण्यावर सांगून राह्यले ना."

कापडवाल्यानं रीत म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी टोपी काढून हातात घेतली. आपण काय करून बसलो हे अब्रारच्या ध्यानात आलं तेव्हा तो दचकला आणि खर्रा गिळून बसला. खर्रा गिळलेल्या माणसाला बराच वेळ कुठलंही बटण सापडत नाही. अख्खा बाजार त्याच्याभोवती संथपणे फिरू लागला. केळी फिरली, चपला फिरल्या, टोपी काढलेले अध्यक्ष फिरले. आणि त्या फिरणाऱ्या बाजारात कुणीतरी एक हात उंच करून सगळं मोबाइलवर टिपून घेत होतं. ते कोण होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हंसाबाई ही रडकी बाई नव्हे. उलट उंबरदरीत कुणाला चार शब्द सुनावून रडवायचं असलं तर लोक ते काम तिच्यावर सोपवत. साठीला आलेली, ताठ, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि आवाज असा की गुरं वळवताना तिला जागेवरून उठावं लागत नसे. तिच्या आज्याचा आजा म्हणे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखामागून मुलूख पार करायचा. शेकडो घंटांच्या वर ऐकू जाईल असा आवाज त्या घराण्यात तेव्हा आला. पुढे बैल गेले, मीठ गेलं, तांडा एका जागी बसला, कोरडवाहू कापूस आला. आवाज तेवढा कुणी उतरवून ठेवला नाही. नवरा फकिरा अबोल. लोक म्हणायचे, स्वभावानं तसा नाही, त्याची पाळीच आलेली नाही.

पेटी तिच्याकडे आली ती अब्रारमुळे. उंबरदरी नावाप्रमाणे दरीत; फोनला रेंज हवी तर टेकडीवरच्या मोहाच्या झाडावर चढायचं, आणि तरी ती येईल अशी हमी नाही. शहरातल्या काही मुलांनी दारव्ह्यात एक शिबिर घेतलं होतं: गावाचं जाळं गावाच्याच हातात कसं ठेवायचं, याचं. अब्रार तिथे जेवण आहे म्हणून गेला आणि वेड घेऊन परतला. बिस्किटांच्या डब्याएवढी पेटी, बांबूच्या टोकाला अँटेना, छपरावर सोलरची पाटी. तांड्यातला कुठलाही फोन या पेटीशी बोलणार, पेटी ते जपून ठेवणार आणि बांबूवरून पलीकडच्या तांड्याच्या पेटीला सांगणार. मधे ना कंपनी, ना जाहिरात. लिहायची भानगडही नाही, नुसतं बोलायचं.

तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक धावजी, त्याच्या अंगणात अब्रारनं हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा धावजी बराच वेळ मिशी चाचपत राहिला.

"म्हंजे हरेक तांड्याची पेटी अलग?"

"अलग."

"आन तिचे कायदे त्या त्या तांड्याचे?"

"बराबर."

"आन सगळ्या पेट्याईवर मिळून एक मोठा नायक?"

"नाही ना. तेच तर मजा आहे, नायक. मोठा कोनीच नाही."

"मंग हे तं आमचंच हाये," धावजी म्हणाला. "तू कायले शिबिरात गेलता?"

पेटी ठेवायची कुणाच्या घरी, हा प्रश्न रुपीबाईनं सोडवला. रुपीबाई हंसाबाईची शेजारीण आणि अधूनमधून वैरीण. ती म्हणाली, "जिच्या घरात घुसाले कोनी इचारत नाही, तिच्या घरी ठेवा." तांड्यात असं घर एकच होतं.

हंसाबाईनं पेटीवर आरशांची जुनी टुकरी, म्हणजे डोक्यावरून घ्यायचं भरतकामाचं कापड, पांघरलं आणि राज्य सुरू केलं. पेटीवर दोघांची जुंपली की ती दोघांचेही फोन पेटीपासून तोडायची. पुन्हा जोडायचे तर दोघांनी तिच्या ओसरीवर यायचं आणि एकाच कपबशीतून चहा घ्यायचा: एकानं कपातून, दुसऱ्यानं बशीतून. बशीवाला हरला असं कुठे ठरलेलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या तांड्याच्या पेटीशी आपली पेटी जोडायची तर त्याला ती सोयरीक म्हणायची. तिकडच्यांनी यावं, अंगणात बसावं, गूळ वाटावा; गूळ तोंडात विरघळला की अब्रारनं बटण दाबावं. अशा सोयरिकी जुळत जुळत पेट्यांची एक रांग डोंगराडोंगरानं पार घाटंजीच्या अंगाला गेली. एका तांड्यानं पेटीवर राजकारण बंद केलं होतं. दुसऱ्यात दिवेलागणीनंतर पुरुषांनी बोलायचं नाही असा नियम होता, का ते कुणी सांगत नव्हतं. हंसाबाई इथे काही बोलली की तो आवाज एका पेटीवरून दुसरीवर मुक्काम करत निघायचा, पळसांवरून, तुरीच्या पट्ट्यांवरून, पाणी आटलेल्या नाल्यांवरून. जणू मिठाच्या गोण्या उतरवून ठेवलेले ते जुने बैल आता आवाज लादून निघाले होते, आणि त्यांच्या घंटा तेवढ्या वाजत नव्हत्या. ज्या शेवटच्या पेटीपाशी तो पोचायचा, त्या तांड्यात हंसाबाईची लेक बबिता नांदत होती.

बबितासाठीच तर सगळं होतं. गोर, म्हणजे बंजारा, बायका फार दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून सुरात रडतात. मधे काय काय झालं, कोण गेलं, कोण जन्मलं, कुणाची आठवण आली, सगळं त्या रडण्यात गुंफून सांगतात. एकीनं सूर धरला की दुसरीनं उत्तर द्यायचंच. रडणं अर्ध्यावर टाकून जायची रीत नाही. रडून झालं की डोळे पुसून चहा, हसणं, चहाड्या. पण ते वर्ष बोंडअळीचं. बोंड फोडलं की आत कापसाऐवजी गुलाबी अळी, आणि जे हाती लागेल ते वेचायला बायकांनाच दुप्पट राबायचं. लेकी माहेरी आल्या नाहीत. जीपगाड्या रिकाम्या फिरल्या. भेटी नाहीत म्हणून रडणं नाही, आणि न रडलेलं सगळं घराघरांत साचत गेलं. शेवटी एका संध्याकाळी हंसाबाईनं टुकरी बाजूला केली, पेटीपुढे बसली आणि बबिताच्या गळ्यात पडल्यागत रडली. दुसऱ्या दिवशी बबिताचं उत्तर आलं. मग काय, रांगेतल्या झाडून सगळ्या पेट्या रडू लागल्या. संध्याकाळी वाऱ्यावर कापसाचं तूस तरंगायचं आणि दरीभर कुठूनकुठून बारीक सूर यायचे. वाटसरूला वाटावं, टेकड्याच एकमेकींना भेटतायत.

अब्रारकडे पेटीची चाबी होती. चाबी म्हणजे परवलीचा शब्द. आवाज स्वच्छ येतो का ते तपासायला तो तांड्यावर आला की सगळं त्याच्या फोनवरही उतरायचं, आणि मावशी मानलेल्या हंसाबाईला तो भाबडेपणानं म्हणायचा, "मी ऐकत नाही, खाला. फक्त तपासतो."

आणि मग तो बाजार, तो कर्णा.

टिपलेला तुकडा संध्याकाळपर्यंत बाहेरच्या मोठ्या जाळ्यावर गेला. दोन दिवसांत कुणीतरी त्याला ढोलाचा ठेका लावला. हंसाबाईच्या 'येऽऽ' पाशी ठेका थांबायचा आणि मग धाडकन पडायचा. नाचायला म्हणे फार सोयीचं. आठवड्याभरात तो घाटंजीकडच्या एका हळदीत वाजला. त्या मांडवात बबिता पोळ्या लाटत होती. बाहेर तिची आई रडत होती आणि माणसं त्यावर कमरेला रुमाल बांधून नाचत होती.

बबिता त्या दिवसापासून पेटीत एक शब्द बोलली नाही. मग एकेक करून बाकीच्या बायाही थांबल्या. पेटी नुसतीच लुकलुकत राहायची, अंगणात येऊन बसलेल्या अनोळखी पाहुण्यासारखी.

अब्रारनं मोठ्या जाळ्याकडे तक्रार केली. उत्तर घेऊन तो उंबरदरीला आला आणि ओसरीच्या खालच्या पायरीवर बसला. एरवी तो वरच्या पायरीवर बसायचा.

"काय म्हने?" हंसाबाईनं विचारलं. ती सरकी काढत बसली होती.

"म्हने, तपासलं. समाजाच्या नियमाच्या इरोधात काही सापडलं नाही म्हने."

"कोन्या समाजाच्या?"

"त्याइच्याच. त्याइचा एक समाज आहे म्हने, अख्ख्या दुनियेचा."

"त्याचा नायक कोन? कोन्या तांड्यात राह्यते? आपन जाऊ, गूळ घेऊन जाऊ."

"तिथं कोनी मानूस नाही, खाला. मशीनच उत्तर देते."

हंसाबाईनं हातातलं बोंड खाली ठेवलं. "मंग तो समाज कायचा, बाप्पा," ती म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. फकिरानं आतून डोकावून पाहिलं, की आता खरोखर आपली पाळी आली की काय.

दुसऱ्या संध्याकाळी धावजीनं तांड्याची बैठक बोलावली. प्रश्न एकच होता: पेटी ठेवायची की काढायची. पेटी गेली तर पुढच्या दिवाळीपर्यंत बबिताचा आवाज हंसाबाईच्या कानी पडायचा नाही, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. आणि पेटी राहिली तरी ती गप्पच राहणार असेल, तर ठेवून करायचं काय, हेही कळत होतं.

"काढून टाका," कारभारी रूपसिंग म्हणाला. "घरात बोललेलं बाजारात जाते. असं कुठं असते काय?"

"मी नवीन कुलूप लावतो," अब्रार उठून उभा राहिला. "लय मजबूत. मोठ्या आकड्याचं. कोनाच्या बापाले..."

"कुलूप तोडून कोनी आलतं का?" रुपीबाई म्हणाली. "चाबीवाल्यानंच दार उघडं टाकलं ना? तोंडात खर्रा होता म्हने. आमचं रडनं तुया खर्र्याहून हलकं झालं, काहून रे?"

अब्रार बसला. चाबी काढून दुसऱ्याला द्यावी असं कुणीतरी म्हणालं, पण दुसरा म्हणजे कोण, यावर सगळेच आपापल्या पायांकडे बघू लागले.

तेव्हा हंसाबाई बोलली. दंड नको, ती म्हणाली. बोकड नको, गूळही नको. पेटीत सगळ्यांचं काही ना काही आहे. "या अब्र्याचं काहीच नाही. हा फकस्त तपासते. आता यानं रडाचं. हितंच, सगळ्याईच्या म्होरं. पेटीत."

"खाला, मले रडता येत नाही."

"बाजार रडवता येते, आन सोताले रडता येत नाही?" रुपीबाईनं पेटीवरची टुकरी उचलली आणि सरळ त्याच्या डोक्यावर टाकली. "घे. याच्याबिगर सूर लागत नाही."

आरशांच्या त्या टुकरीखाली दारव्ह्याचा लाउडस्पीकर मेकॅनिक घामाघूम होऊन बसला. आधी तो खोकला. मग 'हॅलो' म्हणाला, सवयीनं. बाया फिसकन हसल्या. मग त्यानं एका सिनेमातल्या दर्दभऱ्या गाण्याची चाल धरून पाहिली, ती पहिल्याच वळणावर घसरली. अंगणात कुठलं तरी वासरू ओरडलं, आणि रूपसिंग म्हणाला, "हे बरं रडून राह्यलं."

पुन्हा हशा झाला. तो ओसरला. आणि मग टुकरीखालून अगदी साध्या आवाजात, चालबील काही न लावता, अब्रार बोलू लागला.

तो अब्बांबद्दल बोलत होता. अब्दुल गनी माइकवाले. सायकलला भोंगा बांधून दारव्हाभर फिरायचे. कुणाचं पोर हरवलं, कुठे म्हैस सापडली, उद्या कापसाची खरेदी बंद, परवा कुस्त्या. सगळ्या गावाची खबर त्यांनी आयुष्यभर सांगितली. गेले, त्या दिवशी ती खबर सांगायला भोंगा अब्रारनंच हातात घेतला. रडणार कधी? आवाज फुटला तर नाव ऐकू जाणार नाही. नंतर दुकान होतं, गिऱ्हाइकं होती. "माया फोनमधी अख्ख्या तालुक्याचे आवाज आहेत," तो म्हणाला. "अब्बांचा नाही. एकबी नाही. मी सगळा फोन हुडकला, खाला. 'हॅलो' एवढं तरी पाह्यजे होतं ना."

आणि 'ना' वर त्याचा आवाज जो लांबला, तो लांबतच गेला. सूर नव्हता, ताल नव्हता. फार दिवस बंद असलेलं एखादं जुनं दार उघडताना वाजतं तसं काहीतरी वाजत होतं. अंगणातल्या बाया हसायच्या थांबल्या होत्या. संध्याकाळ उतरत होती. कापसाचं तूस हवेत अधांतरी होतं, खाली बसायचं विसरल्यासारखं. रुपीबाईनं आपसूक पदर पुढे ओढला आणि हळूच उत्तराचा सूर धरला. रीतच होती ती, तिचा इलाज नव्हता. मग दुसरीनं धरला. फकिरानं पाठ वळवून विडी पेटवली. ती पेटत नव्हती.

ते सगळं पेटीनं घेतलं आणि पुढे धाडलं. गोण्या लादलेले ते बैल निघाले, एका मुक्कामावरून दुसऱ्यावर, घाटंजीच्या वाटेनं. रात्रभर काही आलं नाही. सकाळी नाही. दुपारी अब्रार दुकान बंद ठेवून ओसरीवर बसला होता, खालच्या पायरीवरच. हंसाबाई पेटीकडे बघत नव्हती, इतकं ठरवून बघत नव्हती की शेजारच्या कोंबड्यांनाही ते कळलं असेल.

ऊन कलल्यावर पेटीचा दिवा एकदम भराभर लुकलुकू लागला.

बबिताच होती. आईला काहीच म्हणाली नव्हती ती आधी. पहिला सूर होता, 'मार भिया येऽऽ', माझ्या भावा. राग तर तिला पोटभर होता. पण कुणीतरी बाप गेला म्हणून रडतंय, आणि ते रडणं अर्ध्यावर टाकून जायची रीत नाही. ती अब्दुल गनींसाठी रडली, त्यांना कधी पाहिलेलं नसताना. सायकलसाठी रडली. भोंग्यासाठी रडली. मग त्याच सुरात, श्वास न घेता, हळदीच्या मांडवाबद्दल रडली, बोंडात निघालेल्या अळीबद्दल, पोटात असलेल्या लेकराबद्दल, ज्याची बातमी अजून कुणाला दिली नव्हती. आणि शेवटी, एकदाचं, 'याडी' म्हणाली, आई.

हंसाबाईनं तिथल्या तिथे उत्तराचा सूर धरला. असा धरला की मोहाच्या झाडावरची पाखरं उडाली, आणि रुपीबाई हातातली भाकरी तशीच घेऊन धावत आली, आजी होणार गं तू म्हणून ओरडत.

पेटी राहिली, हे वेगळं ठरवावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या एका तांड्याचे लोक सोयरीक जोडायला गूळ घेऊन आले, तेव्हा हंसाबाईनं गूळ बाजूला ठेवला आणि सांगितलं, आधी तुमच्या नायकाले रडाले लावा. नायक गोरामोरा झाला. अब्रारनं त्याला अनुभवी माणसासारखा धीर दिला, पहिल्यांदा खोकला येतो, मग जमते.

सगळे पांगल्यावर अब्रार घुटमळला. चाबीचा तो शब्द त्यानं एका चिठोऱ्यावर लिहून आणला होता. तो दोन्ही हातांनी हंसाबाईपुढे धरत तो म्हणाला, "खाला, हे आता तुमच्याजवळच राहू द्या. मी पुन्हा कुठं दार उघडं टाकलं तर?"

हंसाबाई कपबशी विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"ठेव तुयाजवळच, आता तुयंबी रडनं आतच हाये."